भाटव्यांचा बेस

गाडीतलं गाणं कानानं ऐकायचं नसतं, छातीनं ऐकायचं असतं, असं माझ्या मेव्हण्याचं मत आहे. मेव्हणा पांढरकवड्याला असतो, कापसाचा व्यापार करतो. त्याच्याकडे एक मोठी जीप आहे आणि तिच्या मागच्या भागात, जिथं एरवी दोन नातेवाईक सहज मावले असते, तिथं एक काळं खोकं आहे. खोक्यात बारा इंची सबवूफर. यवतमाळहून पांढरकवड्याला जाताना त्यानं मला मुद्दाम मागच्या सीटवर बसवलं आणि आवाज वाढवला. पहिल्या ठेक्याला माझा चष्मा नाकावरून अर्धा बोट खाली घसरला. दुसऱ्या ठेक्याला सकाळचे तर्री-पोहे पोटात जागे झाले.

"भाटवे," आरशातून माझ्याकडं पाहत तो म्हणाला, "तुमच्या गाडीत काय वाजते?"

"आकाशवाणी. यवतमाळ केंद्र."

त्यावर तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढचा सगळा रस्ता तो अधूनमधून आरशातून माझ्याकडं दयेनं बघत राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बरंच काही पचतं, पण बायकोच्या धाकट्या भावाची दया पचत नाही.

इथं माझी ओळख करून देणं भाग आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांना ओहमचा नियम शिकवता शिकवता माझे केस पिकले. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचं नातं मी झोपेतही सांगू शकतो. घरचे म्हणतात, खरोखरच सांगतो. हे आधीच नमूद केलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते एखाद्या अडाणी माणसाच्या हातून घडलं असतं तर लोकांनी त्याला माफ केलं असतं.

माझी गाडी छोटी, पेट्रोलची, एमएच-२९ पासिंगची, आणि वयानं माझ्या नोकरीच्या उत्तरार्धाइतकी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात तिचा काडीचाही दोष नाही. चार माणसं आणि दोन पिशव्या न्यायला तिनं ती गाडी बनवली होती. अल्टरनेटर ५५ अँपिअरचा: हेडलाइट, वायपर, पंखा, हॉर्न आणि एक गरीब रेडिओ एवढ्यांचं भागावं इतपत.

एका लग्नाच्या निमित्तानं नागपूरला गेलो आणि तिथून ॲम्प्लिफायर, सबवूफर आणि वायरचं भेंडोळं घेऊन आलो. ॲम्प्लिफायरच्या डब्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: ३००० वॅट. विज्ञानाचा माणूस म्हणून मी तिथल्या तिथं हिशोब केला. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती, तर ३००० वॅट म्हणजे चार अश्वशक्ती. आमच्याकडं विहिरीवर तीन एचपीची मोटार असली तरी हरभऱ्याचं शेत भिजतं. तिच्याहून मोठी ताकद मी माझ्या डिकीत ठेवणार होतो! या हिशोबानं मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

आर्णी रोडवर एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे. टिनाचं शेड, खिळ्यांना टांगलेले जुने सेल्फ, कोपऱ्यात आर्मेचरचा ढीग, एक चार्जर आणि त्याला लावलेल्या दोन-चार आजारी बॅटऱ्या. दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसणारा. विज्ञानात मी त्याला एकदा ३१ गुण दिले होते. हे मला आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं.

"या सर, बसा." त्यानं खुर्ची पुसली. मी ॲम्प्लिफायरचा डबा त्याच्यापुढं ठेवला, सोनेरी बाजू वर करून. त्यानं डबा उघडला, ॲम्प्लिफायर काढला आणि डबा बाजूला टाकला. मग ॲम्प्लिफायर उलटा करून जिथं वायरी लागतात ती बाजू पाहिली.

"सर, डबा कायले पाह्यता? हे पाहा. दोन हिरवे फ्यूज. ३० अन् ३०, झाले ६०. गाडी चालू असली की १४ व्होल्ट धरा. गुणा."

"आठशे चाळीस," मी म्हणालो.

"हे आत जाते. बाहेर त्याच्या साठ टक्के निघाले तरी लय झालं, बाकीची गरमी. म्हणजे पाचशे वॅट धरा. मंग हे तीन हजार कुठून आले?"

मी गप्प.

"छापखान्यातून," तो म्हणाला.

डब्यावरचा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो, आणि तोही प्रयोगशाळेत कुणी पाहिला असेल तर; सतत मिळणारी ताकद वेगळी, तिला आरएमएस म्हणतात आणि ती सोनेरी अक्षरांत छापत नाहीत. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे वाक्य मी दर वर्षी जूनच्या शेवटी, म्हणजे विदर्भातल्या शाळा उघडल्या की, फळ्यावर लिहीत आलोय. माझ्या हस्ताक्षरात ते चांगलं दिसतं.

"अन् तुमचा डायनामो हाय ५५ चा," तो पुढं म्हणाला. आमच्याकडं गॅरेजात अल्टरनेटरला आजही डायनामोच म्हणतात. "रात्री लाईट, पंखा, इंजिनचं आपलं हे ते धरून तीस-पस्तीस तर गाडीच खाते. उरले वीस. ॲम्प्लिफायर मांगते साठ. आता कसं करता?"

"बॅटरी आहे ना," मी म्हणालो.

मी वर्गात त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहत असे, त्या नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मुद्दा असा की इंजिन सुरू झाल्यावर गाडीतली वीज अल्टरनेटर देतो. बॅटरीचं खरं काम सेल्फ मारण्याचं. अल्टरनेटर कमी पडला तर ती उसनवारीनं देते, पण दिलेलं सगळं पुन्हा अल्टरनेटरकडूनच वसूल करते, थोडं व्याज लावून. शिवाय ५५ चा आकडा इंजिन पळत असतानाचा; गाडी जागेवर उभी राहून घुरघुरत असली की त्यातला जेमतेम निम्मा हाती येतो. म्हणून त्याचं म्हणणं, आधी डायनामो मोठा करा, वायरी जाड करा, गाणं मागाहून. माझं म्हणणं, तू फक्त जोड. शेवटी गुरू कोण होतं?

त्यानं जोडलं.

पहिल्या रात्री मी एकटाच दारव्हा रोडला गेलो. लावायला काय लावलं, तर भीमसेन जोशींचे अभंग. मेव्हण्याच्या गाडीत वाजतं ते माझ्याकडं नव्हतं. आणि खरं सांगतो, पखवाजाची पहिली थाप पाठीत बसली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ऐकलेल्या अभंगात खाली इतकं काही दडलंय हे माहीत नव्हतं. इतका वेळ बारक्या स्पीकरनं तळ कापून वरचा भाग तेवढा मला ऐकवला होता. एवढ्यासाठी हा सगळा उद्योग सार्थकी लागला असता, जर मी समोर पाहिलं नसतं तर.

समोर रस्ता जात-येत होता. थाप पडली की हेडलाइट मंद, थाप सरली की लख्ख. विलंबितात हळू, द्रुतात भराभर. समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक आला. मी डिपर देतोय असं वाटून त्यानं डिपर दिला. अभंगानं पुन्हा थाप दिली, ट्रकनं पुन्हा डिपर दिला. तिसऱ्या वेळी ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून विचारलं, "काय झालं भाऊ? पुढं चेकिंग हाय का?"

याहून अवघड गोष्ट दुसऱ्या बाजूनं आली. मी पाय उचलला की शांत, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून एक बारीक 'कुँई' निघायची आणि इंजिनाबरोबर वर वर चढत जायची. पंडितजींच्या मागं जणू एक तानपुरा वाढला होता, पण माझ्या पायावर चालणारा. पट्टी काळी चारला पोचली की मला दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जावं लागे. कारण साधं आहे. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज बनवतो, त्याच्यातले डायोड ती एका दिशेला वळवतात, पण थोडी लहर उरतेच; अर्थिंग नीट नसलं की ती लहर गाण्यात शिरते. माझं अर्थिंग रंग न खरवडता एका स्क्रूवर भागवलेलं होतं, कारण गाडीचा रंग खरवडू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं.

विद्यार्थ्याकडं परत जायचं म्हणजे हार मानणं. तेव्हा मी कपॅसिटर आणला. चकचकीत नळकांडं, वर निळ्या आकड्यांत व्होल्ट दाखवणारी पाटी, क्षमता १ फॅरड. दुकानदारानं सांगितलं की बेस पडला की हा साठवलेली वीज सोडतो आणि लाइट मंद होत नाहीत. विज्ञानाच्या दृष्टीनं वाक्यात चूक नव्हती. फक्त त्यात आकडा नव्हता, आणि आकडा विचारण्याचा पगार मी घेतो.

तो मी स्वतःच बसवला. रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट जोडला की सुरुवातीला तो जवळजवळ शॉर्ट सर्किटच असतो. मधे एक रोध लावून तो आधी हळूहळू भरायचा असतो. मी तार टेकवली तशी एक ठिणगी उडाली, पान्ह्याच्या टोकाला खळी पडली, आणि शेजारच्या गॅलरीतून "सर, दिवाळी आली का?" असा प्रश्न आला.

निळे आकडे सुंदर होते. गाणं लावलं, थाप पडली, आणि पाटीवर १४.१ चे ११.७ झाले. लाइट पूर्वीइतकेच मंद. फरक एवढाच की किती मंद ते आता दशांशात कळत होतं.

त्या रात्री घटक चाचणीच्या एका उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला मी तो हिशोब केला. एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टला ९८ ज्यूल धरतो. व्होल्ट १४ वरून १२ वर येईतो त्यातले फक्त २६ ज्यूल बाहेर पडतात. ॲम्प्लिफायर सेकंदाला ८४० ज्यूल पितो. म्हणजे माझी गुंतवणूक सेकंदाचा सुमारे तिसावा भाग मला साथ देणार होती. पखवाजाची थाप त्याहून लांब असते. पंडितजींची तान तर विचारूच नका. उत्तरपत्रिका ज्या पोराची होती त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, मागं हे काय लिहिलं?" मी म्हणालो, सरावासाठी आहे.

आता घरात शोध सुरू झाला. भारनियमनाच्या काळात विदर्भात घरोघरी इन्व्हर्टर आला आणि भारनियमन कमी झालं तरी तो काही परत गेला नाही. आमच्याही जिन्याखाली तो आहे, १५० अँपिअर-अवरची लांबडी ट्यूब्युलर बॅटरी घेऊन. गाडीच्या बॅटरीच्या चौपट! मी तिच्याकडं बघत राहिलो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, वेळ होता, आणि बायको भिशीला गेली होती.

विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, नका करू. त्यातून गॅस निघते."

"हायड्रोजन," मी अभिमानानं सांगितलं.

"हाव, तोच. तुमाले माहीत असून ठेवता?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं: काचा उघड्या ठेवीन. शेजारच्या दोन पोरांना कुल्फीच्या बोलीवर बोलावलं आणि पन्नास-साठ किलोचं ते धूड तिघांनी मिळून डिकीत चढवलं. गाडीचं बूड बसलं. बूड बसलं म्हणून तोंड वर झालं, आणि हेडलाइट रस्ता सोडून कडुनिंबाच्या शेंड्यावर पडू लागले. पण ते आता मंद होत नव्हते! थाप पडायची, कडुनिंब तसाच उजळलेला राहायचा. मी जिंकलो होतो.

विजय टिकावा म्हणून देवदर्शनाला जायचं ठरवलं. कळंबचा चिंतामणी आमच्यापासून जवळ; जमिनीखाली पायऱ्या उतरून जावं लागतं असं ते देऊळ, भर मे महिन्यात आत गारवा. बायको पुढं, मुलगी मागं उरलेल्या अर्ध्या सीटवर. हायड्रोजनच्या भीतीनं काचा खाली, म्हणून एसी बंद, म्हणून नागपूर रोडवरची झळ थेट तोंडावर. बायकोनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि कळंबपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकूही आलं नसतं.

दर्शन झालं. रात्री परत निघालो आणि थोड्या वेळात काहीतरी जळाल्याचा गोड-कडवट वास आला. शेतातला धुरा पेटवला असेल, असं मी म्हणालो. मग समोरच्या पाटीवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. धुरा पेटवल्यावर तो दिवा लागत नाही.

गाडी बाजूला घेऊन फोन लावला. विद्यार्थ्यानं फक्त तीन गोष्टी विचारल्या: लाल दिवा आहे का, वास आहे का, बॅटरी डिकीत आहे का. मग हुकूम आले. "गाणं बंद. कपॅसिटरची वायर काढा. पंखा बंद. पण गाडी बंद नका करू, सर. हळूहळू घरी या. डायनामो गेला, पण तुमच्यापाशी बॅटरी लय मोठी हाय."

झालं होतं ते असं. मोठी बॅटरी वीज देते खरी, पण दिलेली परत मागते. गाण्यानं रिकामी होणारी ती १५० अँपिअर-अवरची भूक भागवायला बिचारा ५५ चा अल्टरनेटर कळंबपर्यंत सगळा वेळ पूर्ण ताकदीनं राबत होता, तोही मे महिन्याच्या उन्हात, इंजिनाला खेटून. तांब्याच्या गुंडाळीवरचं वॉर्निश करपलं, डायोडची प्लेट गेली. आणि तरी गाडी धावत होती, कारण इंजिनला आणि लाइटला लागणारी वीज त्या इन्व्हर्टरच्या बॅटरीनं यवतमाळपर्यंत पुरवली. जिनं अल्टरनेटरचा जीव घेतला तिनंच आम्हाला घरी आणलं. हा मुद्दा मी गाडीत मांडून पाहिला. दाद मिळाली नाही.

वाघापूर नाक्याच्या अलीकडं अंधार दिसू लागला. आमच्या भागाची लाइट गेली होती. सगळ्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांत इन्व्हर्टरचा उजेड, मधोमध आमचं घर काळंकुट्ट. ओसरीवर आई पेपरची घडी करून वारा घेत बसलेली.

"आली का रे फिरून?" तिनं विचारलं.

"हो, आलो."

"तुम्हाले नाही इचारत. बॅटरीले इचारून राहिली."

दुसऱ्या दिवशी दुकानात विद्यार्थ्यानं अल्टरनेटर उघडून माझ्यापुढं ठेवला. काळी पडलेली गुंडाळी, वितळलेले डायोड. तो बसून सांगत होता, मी उभा राहून ऐकत होतो. बाकावर उभा नव्हतो एवढंच.

माझ्या वायरीपासून त्यानं सुरुवात केली. नागपूरहून आणलेली अंगठ्याएवढी तांबडी वायर ब्लेडनं तासली तर आत चांदीचा रंग. "ॲल्युमिनियम हाय सर. वरून तांब्याचा मुलामा." ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, हे मला तोंडपाठ आहे. वायर घेताना मी वजनाला हलकी आहे म्हणून खूश झालो होतो. मग त्यानं वेल्डिंगवाले वापरतात ती ३५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची केबल काढली. तिचे तीन तुकडे मुख्य: अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसला, इंजिनपासून बॉडीला, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला. बॉडीला जिथं जिथं जोड आला तिथं रंग खरवडून लोखंड उघडं केलं. मी डोळे मिटून घेतले. साठ अँपिअर वाहत असताना वाटेत एक शतांश ओहम जरी जास्त असला तरी ०.६ व्होल्ट तिथंच जातात, हे मी मिटल्या डोळ्यांनी पुटपुटलो. तो म्हणाला, "बरोबर हाय सर. पुढचं पण सांगा." पुढचं मला येत नव्हतं.

पुढचं म्हणजे फ्यूज. मी मोठा फ्यूज डिकीत, ॲम्प्लिफायरपाशी लावून घेतला होता, दिसायला बरा दिसतो म्हणून. "हा फ्यूज मशीनसाठी नाही, वायरसाठी हाय. मधे कुठं वायर घासली अन् बॉडीले टेकली, तर तुमचा फ्यूज मागं बसून पाह्यत राहीन अन् समोर गाडी जळून जाईन." बॅटरीपासून वीतभर-दोन वितींवर, बॉनेटखालीच त्यानं नवा फ्यूज बसवला. या लेखात कुणाच्या उपयोगाची एखादी गोष्ट असेल तर ती हीच, म्हणून तिची थट्टा करत नाही.

अल्टरनेटर आला ९० अँपिअरचा, एका मोठ्या डिझेल गाडीचा. तो माझ्या इंजिनावर बसेना. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं. पुली एका रेषेत आली नाही की बेल्ट खातो, म्हणून ते ब्रॅकेट पुन्हा नेलं. नव्या गाडीत हा उद्योग करू नये. आता अल्टरनेटरला हुकूम इंजिनचा कॉम्प्युटर देतो आणि अनोळखी पाहुणा दिसला की रुसतो. शिवाय वॉरंटी जाते. माझ्या गाडीचं म्हातारपण तिच्या कामी आलं.

मधल्या दिवसांत, गाडी दुकानात आणि मी घरात नजरकैदेत असताना, या विद्येचा इतिहास वाचला. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं मोटोरोला या नावानं गाडीतला रेडिओ बाजारात आणला. त्यांच्याबद्दल अशी गोष्ट सांगतात की कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीनं पेट घेतला. खरी असो वा नसो, मी ती बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यांच्या घरची बॅटरी जागेवर होती ना?"

गाडी तयार झाली. विद्यार्थ्यानं मजुरी ३५०० सांगितली. मी जुन्या नात्याचा आधार घेत म्हणालो, "३१०० घे."

तो हात पुसत म्हणाला, "सर, ३१ ला पास होत नाही. ३५ लागते."

मी ३५०० दिले.

आता निळे आकडे १३.९ वर ठाम असतात. थाप पडो, तान पडो, कडुनिंब अंधारात आणि रस्ता उजेडात. कुँई गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली परत गेली आणि बायकोनं तिच्यापुढं तांदळाची कोठी ओढून ठेवली. पण हिशोबाची सवय वाईट. ९० अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे १२६० वॅट. अल्टरनेटर जेवढं घेतो त्याच्या पंचावन्न-साठ टक्केच वीज देतो. तेव्हा तो पूर्ण भारावर असला की इंजिनाकडून जवळपास तीन अश्वशक्ती ओढतो. विहिरीवरची तीन एचपीची मोटार अखेर माझ्या गाडीत आलीच, फक्त डिकीत नाही, बॉनेटखाली. चढ लागला की गाणं, एसी आणि गाडी यांतलं एक काहीतरी बंद करावं लागतं.

दुसरा हिशोब याहून कडू आहे. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. माझ्या जुन्या रेडिओचे खरे वॅट वीस असतील. मी पाचशेवर गेलो, म्हणजे पंचवीस पट. कानाला तो फरक वाटतो जेमतेम अडीच पट. बायकोला खर्च पंचवीस पट वाटतो.

आणि ऐकायचं कुठं? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. तेवढी माझी गाडी दाराच्या फटीतूनच ओलांडते. दत्त चौकात एकदा वाहतूक पोलिसानं हात केला. काच खाली केली तर तो म्हणाला, "सर, तुम्ही?" त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्यानं पावती फाडली असती तर बरं वाटलं असतं.

नवरात्रात मेव्हणा दुर्गोत्सव पाहायला आला. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला लोक दूरदूरून येतात, त्यात तो दर वर्षी असतोच. मी त्याला मुद्दाम मागच्या सीटवर बसवलं आणि आवाज वाढवला. एक अभंग होईतो तो छातीवर हात ठेवून गप्प होता.

"कसा आहे बेस?" मी विचारलं.

"भाटवे, जरा कमी करा ना. डॉक्टरनं सांगतलं, बीपी वाढते." मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी तर माहं काढूनच टाकलं बापा. ढेपेच्या पोत्याले जागा नव्हती पुरून राहिली."

तर वाचकहो, १ फॅरडचा एक कपॅसिटर विकणे आहे. निळे आकडे ठळक दिसतात, नळकांड्यावर ओरखडा नाही. घेणाऱ्याला वरून तांबडी असलेली ॲल्युमिनियमची वायर सोबत फुकट मिळेल. संध्याकाळी शाळा सुटल्यावर यावं. किमतीत घासाघीस चालेल, पण ३५ टक्क्यांच्या खाली देणार नाही.